मेणबत्ती आणि ठिबकची नळी एकाच कुळातली

आपल्या शेतीत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक बदल इतक्या सावकाश झाला की तो आपल्या फारसा लक्षातच आला नाही. पूर्वी मोट चामड्याची होती, दावे घायपाताचे किंवा अंबाडीचे, पोते तागाचे, रांजण मातीचा. आज यांतल्या बहुतेक जागा प्लास्टिकने घेतल्या आहेत. विहिरीतले पाणी पीव्हीसी पाइपातून येते आणि पिकाला ठिबकच्या नळीतून मिळते. टरबुजाखाली मल्चिंग पेपर, शेततळ्यात जाड कागद, ढोबळी मिरचीवर पॉलिहाऊस, कांद्यावर ताडपत्री, आणि खत येते तेही विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यातून.

खत घेताना आपण पोत्यावरचे नत्र, स्फुरद, पालाश वाचतो. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहतो. बियाण्याची उगवण तपासतो. पण ज्या नळ्यांत आणि कागदात एकरी हजारो रुपये अडकतात, ती वस्तू मात्र "काळी आहे, जाड दिसते" एवढ्यावर घेतो. मग दोन उन्हाळ्यांत नळी तडकली की दुकानदाराला, नाहीतर नशिबाला बोल लावतो. यातले पुष्कळसे नुकसान टळू शकते. त्यासाठी प्लास्टिक मुळात आहे तरी काय, एवढे समजून घ्यावे लागते, आणि ते वाटते तितके अवघड नाही.

बारावी विज्ञानाच्या मुलांना हा विषय 'पॉलिमर' या नावाने असतो. मराठी शास्त्रीय ग्रंथांत त्याला 'बहुवारिक' म्हटले आहे. मुलगी घरात वहीवर समीकरणे लिहीत असते आणि बाप शेतात नळ्या जोडत असतो. दोघांचा विषय एकच आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून हा लेख दोघांनी मिळून वाचावा, अशी विनंती आहे.

मणी आणि माळ

'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'मर' म्हणजे भाग. हे मूळचे ग्रीक शब्द. पुष्कळ भाग एकापुढे एक जोडून झालेला लांबच लांब रेणू म्हणजे पॉलिमर. त्यातला एक सुटा भाग म्हणजे मोनोमर. सुटा मणी तो मोनोमर, आणि हजारो मण्यांची माळ तो पॉलिमर.

ठिबकच्या नळीतला मणी कोणता? तो आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. आंब्याची अढी घातली की एक फळ पिकू लागते आणि शेजारच्या फळांनाही पिकवते. हे काम करणारा वायू म्हणजे इथिलीन. केळी पिकवण्याच्या खोल्यांत हाच वायू सोडतात. या इथिलीनचे हजारो रेणू एकमेकांना जोडले की होते पॉलिइथिलीन, म्हणजे आपले पॉलिथिन. जो वायू अढीत दिसत नाही, हाती लागत नाही, त्याचीच ही नळी! अर्थात कारखान्यात हा वायू फळांतून काढत नाहीत. तो बहुतांशी खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून मिळवतात. ब्राझीलमध्ये मात्र २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून इथिलीन करून त्याचे पॉलिथिन बनवणारा मोठा कारखाना चालू झाला.

फुगडी सुटते आणि साखळी होते

आता हे मणी जुळतात कसे ते पाहू. कार्बनच्या अणूला चार हात असतात असे समजा, आणि हायड्रोजनला एकच. इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन असतात. प्रत्येक कार्बनने आपल्या दोन हातांनी दोन हायड्रोजन धरलेले असतात. उरलेल्या दोन हातांनी ते दोघे एकमेकांना धरतात. नागपंचमीला दोन मुली फुगडी धरतात ना, तसेच. दोघींचे दोन्ही हात एकमेकींत गुंतलेले. यालाच पुस्तकात 'दुहेरी बंध' म्हणतात.

अशा शंभर जोड्या अंगणात फुगडी खेळत आहेत. तेवढ्यात एक मोकळ्या हाताची मुलगी येते आणि एका जोडीतल्या एकीचा हात ओढून धरते. त्या जोडीचा एक हात सुटतो, दुसरा तसाच राहतो. सुटलेला हात रिकामा कसा राहील? तो शेजारच्या जोडीतला हात ओढतो. तिथली फुगडी सुटते, पुन्हा एक हात रिकामा होतो, तो पुढच्या जोडीला धरतो. बघता बघता अंगणभर साखळी होते. अशी दोन साखळ्यांची मोकळी टोके समोरासमोर आली की ती एकमेकांना धरतात आणि वाढ थांबते. मोकळ्या हाताच्या त्या पहिल्या मुलीला रसायनशास्त्रात 'प्रारंभक' म्हणतात. मुलांनो, सुरुवात, वाढ आणि शेवट या तीन पायऱ्या परीक्षेत विचारल्या तर हे अंगण आठवा.

साखळी करण्याची दुसरीही एक रीत आहे. झंपरला एका बाजूस हूक आणि दुसऱ्या बाजूस काज असते. समजा, काही मण्यांच्या दोन्ही टोकांना हूक आहेत आणि काहींच्या दोन्ही टोकांना काज. असे मणी एकत्र आणले की एकाआड एक अडकत जातात. नायलॉन असेच तयार होते, आणि प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पहिल्या रीतीत काहीच बाहेर पडत नाही, मण्यातले सारे साखळीत येते. दोन रीतींतला मुख्य फरक हाच.

लांबीत सगळे गुण

देवापुढची मेणबत्ती ज्या मेणाची असते तेही कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचेच बनलेले असते. त्यातल्या एका साखळीत साधारण वीस ते चाळीस कार्बन असतात. पॉलिथिनच्या साखळीतही तेच कार्बन, तेच हायड्रोजन, जोडणीही तीच. पण तिथे कार्बन असतात हजारोंनी. एवढाच काय तो फरक! मेण नखाने खरवडता येते आणि नळी दोन माणसांनी ताणली तरी तुटत नाही, हे सारे लांबीमुळे.

ही लांबी किती? दहा हजार मण्यांची साखळी घेऊ. ती जर सुतळीइतकी, म्हणजे पाच मिलिमीटर जाड आहे असे मानले, तर तिची लांबी सुमारे २५ मीटर भरेल. विहिरीच्या दोराएवढी. आता अशा लाखो दोऱ्या एका ढिगात टाका. त्या एकमेकींत गुंततील आणि एक ओढली तर ढीगच हलेल. उलट वीतभर तुकड्यांचा ढीग असेल तर मूठभर तुकडे सहज उचलता येतील. मेण हा तुकड्यांचा ढीग आहे आणि नळी हा लांब दोऱ्यांचा गुंता आहे.

एवढे एक वाक्य ध्यानात ठेवा: प्लास्टिकचे बळ त्याच्या साखळीच्या लांबीत आहे. साखळी तुटू लागली की नळीची वाटचाल पुन्हा मेणाकडे सुरू होते. पुढे नळी सांभाळायची कशी याचे सारे उत्तर यातच आहे.

निसर्गाने हे आधीच केले

पॉलिमर म्हणजे कारखान्यातली वस्तू असा समज आहे. तो खरा नाही. आपण पिकवतो ते बरेचसे पॉलिमरच आहे.

कपाशीचे बोंड घ्या. कापसाचा धागा बहुतांशी सेल्युलोजचा असतो, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या हजारो मण्यांची सरळ माळ. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च हाही त्याच ग्लुकोजच्या मण्यांचा. मग आपण भाकरी पचवतो आणि कडबा पचवू शकत नाही, असे का? कारण मणी एक असले तरी ते जोडण्याची दिशा वेगळी आहे. स्टार्चची गाठ आपल्या पोटातले पाचक रस सोडवतात. कडब्यातल्या सेल्युलोजची गाठ आपल्याला सुटत नाही. गाईबैलांनाही ती स्वतः सोडवता येत नाही. त्यांच्या पहिल्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव ती सोडवतात, आणि त्या कष्टावर आपल्याला दूध मिळते.

आता स्वयंपाकघरात या. गव्हाची कणीक मळली की ताणली जाते, कारण गव्हातल्या प्रथिनांच्या साखळ्या मळण्याने एकमेकींत गुंततात. ज्वारीत ते प्रथिन नाही, म्हणून ज्वारीचे पीठ पोळीसारखे लाटले तर फाटते. आपल्या आया-आज्यांनी त्यावर उपाय काढला तो कढत पाण्याचा. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. तांदळातही असेच आहे. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, एक सरळ आणि एक फांद्या फुटलेली. सरळ साखळी जास्त असेल तर भात मोकळा होतो, फांद्यांची जास्त असेल तर चिकट. लोकर आणि रेशीम ही प्रथिनांची साखळी, रबराच्या झाडाचा चीक हीही साखळी, आणि चुडेवाल्याची लाखही याच कुळातली.

हे कळायला वेळ लागला

इतकी ओळखीची वस्तू, पण तिचे गुपित कळायला शास्त्रज्ञांनाही फार वेळ लागला. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून तापवले आणि उन्हाळ्यात पाघळणारे, थंडीत ठिसूळ होणारे रबर कायमचे टिकाऊ झाले. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट तयार केले. जुनी काळी विजेची बटणे त्याचीच असत. वस्तू बाजारात आल्या, पण त्या आतून कशा आहेत हे कोणालाच नीट माहीत नव्हते. लहान लहान रेणू नुसते एकमेकांना चिकटून बसले आहेत, असेच बहुतेकांचे मत होते.

१९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सांगितले की हे लहान रेणूंचे ढीग नसून खरोखरच अतिशय लांब रेणू आहेत. मोठमोठ्या विद्वानांनी ते मानले नाही. श्टाउडिंगर वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिले. अखेर त्यांचे म्हणणे जगाने स्वीकारले आणि १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिथिन सापडले ते मात्र योगायोगाने. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे प्रचंड दाबाखाली इथिलीनवर वेगळाच प्रयोग करीत होते. भांड्याच्या आत त्यांना पांढरा मेणासारखा थर सापडला. तेच पहिले पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून कामी आले. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली सरळ साखळीचे पॉलिथिन बनवण्याची रीत शोधली. इटलीचे जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये त्याच वाटेने पॉलिप्रोपिलीन बनवले, ज्याची आज आपली खताची पोती विणतात. या दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काडी, फांदी आणि जाळी

साखळीची लांबी पाहिली, आता तिचा आकार पाहू. तुरीच्या सोललेल्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येते. बाभळीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळच राहते. साखळ्यांचेही तसेच आहे.

साखळी सरळ असली तर साखळ्या दाटीने बसतात आणि प्लास्टिक कडक, दणकट होते. हे एचडीपीई. पाण्याचे काळे पाइप आणि तेलाचे डबे याचे असतात. साखळीला फांद्या असल्या तर ती सैल बसते आणि प्लास्टिक मऊ, लवचीक होते. हे एलडीपीई. ठिबकच्या लॅटरलसाठी वापरतात ते एलएलडीपीई या दोहोंच्या मधले आहे. त्याला आखूड फांद्या असतात, म्हणून नळी गुंडाळता येते आणि तडकतही नाही.

पीव्हीसीत प्रत्येक मण्यावर एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीनचा अणू असतो. वजनाने पीव्हीसीचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनच आहे. त्यामुळे साखळ्या एकमेकींना जास्त ओढून धरतात आणि पाइप ताठ राहतो. हेच पीव्हीसी मऊ हवे असेल तर त्यात तेलासारखा पदार्थ घालतात, जसे आपण शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालतो. बागेची मऊ नळी अशी असते. वर्षांनंतर ती कडक होते, कारण तिच्यातले 'मोहन' हळूहळू निघून गेलेले असते.

जोडणीचे कारणही इथेच आहे. पीव्हीसीला सोल्यूशन लावले की पृष्ठभागावरच्या साखळ्या सैल होतात. दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींत शिरतात, मग द्रावक उडून जाते आणि दोन पाइप एकजीव होतात. म्हणून चिखल आणि पाणी पुसून मगच सोल्यूशन लावावे, आणि डब्यावर लिहिलेला वेळ गेल्याखेरीज मोटार चालू करू नये. एचडीपीईच्या साखळ्या त्या सोल्यूशनमध्ये सैल होत नाहीत, म्हणून तो पाइप तव्यावर तापवून जोडावा लागतो.

तिसरा आकार जाळीचा. साखळ्या आडव्या बांधांनी एकमेकींना कायमच्या बांधल्या की सारी वस्तूच एक जाळी बनते. द्राक्षाच्या भुरीवर आपण गंधक मारतो. तेच गंधक टायरच्या रबरात साखळ्यांचे आडवे बांध घालते. साधे पॉलिथिन मेणासारखे आहे, वितळवले तर पुन्हा घडवता येते. जाळीचे प्लास्टिक भाजलेल्या मडक्यासारखे असते. फुटले तर त्याचा पुन्हा चिखल होत नाही. कुकरची काळी मूठ म्हणूनच भंगारवाला घेत नाही.

आपल्या ओळखीच्या युरियाचीही अशी जाळी होते. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड मिळून जो डिंक बनतो त्याने प्लायवूडचे थर चिकटवतात. शेतकऱ्यासाठी स्वस्तात दिलेला युरिया या वाटेने कारखान्यांकडे वळू नये, हे २०१५ मध्ये सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे करण्यामागचे एक कारण होते.

उन्हाची कात्री

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. साखळीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे ऊन. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून साखळी जागोजागी कापतात. दोरांचे तुकडे झाले की गुंता सुटतो. नळी पांढुरकी पडते, वाकवली की कट्कन मोडते. वरून ती तेवढीच जाड दिसते, पण आतून तिचे बळ गेलेले असते.

नळी काळी का असते, ते आता कळेल. तिच्यात साधारण दोन ते अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. ही काजळी ऊन स्वतः पिते आणि साखळीपर्यंत पोचू देत नाही. रंगासाठी नव्हे, छत्रीसाठी! काजळी कमी किंवा नीट न मिसळलेली असेल तर नळी काळी दिसूनही लवकर जाते. पॉलिहाऊसचा कागद काळा करून चालणार नाही, म्हणून त्यात दुसरी संरक्षक द्रव्ये घालतात. गंधकाच्या फवारणीने आणि धुरीने ती द्रव्ये निकामी होतात. म्हणून पॉलिहाऊसमध्ये गंधक जपूनच वापरावे. लोखंडी कमान तापून जिथे कागदाला टेकते तिथेही तो आधी फाटतो. त्या जागी पांढरा रंग किंवा पट्टी लावावी.

पीक निघाल्यावर लॅटरलची भेंडोळी बांधावर उन्हात पडलेली मी पुष्कळ गावांत पाहतो. चालू असताना त्या निदान पिकाच्या सावलीत तरी असतात. वैशाखात मात्र सबंध महिना उन्हात तापतात. आपल्या पैशाने घेतलेली साखळी आपणच सूर्याकडून कापून घेतो. छपराखाली ठेवायला पैसा लागत नाही.

माती जे कापू शकत नाही

जी साखळी ऊन कापते, ती माती का कापू शकत नाही? कापसाच्या चिंध्या शेणखताच्या खड्ड्यात कुजतात. सेल्युलोजच्या मण्यांमधला दुवा पाण्याच्या साहाय्याने तोडण्याची हत्यारे जिवाणूंजवळ आहेत. पॉलिथिनची साखळी सलग कार्बनची असते. तिला पकडायला जागा नाही. म्हणून ऊन तिचे तुकडे करते, पण ते कुजत नाहीत. तुकड्याचे आणखी बारीक तुकडे होतात आणि ते जमिनीत साचत जातात.

गाईच्या पोटातही हेच घडते. कडबा सोडवणारे जिवाणू पॉलिथिनपुढे हात टेकतात. उष्ट्या अन्नाच्या वासाने गाय पिशवी गिळते, ती पुढे सरकत नाही, पचत नाही. एकीवर दुसरी साचते, जनावर खंगते, आणि शेवटी पशुवैद्यकांना पोट फाडून गोळे काढावे लागतात. तेही वेळीच कळले तर.

मल्चिंग पेपरबाबत चीनचा धडा आपण घ्यावा. शिनच्यांग प्रांतात कपाशीखाली वर्षानुवर्षे फार पातळ कागद अंथरला गेला. पीक निघाल्यावर तो उचलायला गेले की फाटे, आणि तुकडे जमिनीतच राहत. मुळांची आणि पाण्याची वाट अडू लागली. अखेर चीनने २०१८ पासून या कागदाची किमान जाडी वाढवून १० मायक्रॉन केली. आपल्याकडे एका हंगामाच्या भाजीपाल्याला साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा कागद वापरतात. त्याहून पातळ घेऊन चार पैसे वाचवाल, तर पुढे तो वेचायची मजुरी भराल. भारतात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगांवर बंदी आली, त्यामागेही हाच विचार आहे. जे पातळ ते गोळा होत नाही, जे गोळा होत नाही ते शेतात नाहीतर गाईच्या पोटात जाते.

मक्याच्या किंवा इतर पिकांच्या स्टार्चपासून केलेले, कुजणारे प्लास्टिकही आता मिळते. पण त्यातले पीएलए हे साध्या मातीत सहज कुजत नाही. त्याला ६० अंशांच्या आसपास तापमान असलेला खताचा मोठा ढीग लागतो. नुसते 'कुजणारे' हे नाव वाचून नांगरून टाकू नये.

आणि भगिनींनो, एक हात जोडून सांगणे आहे. न्हाणीघरातला बंब पेटवायला पिशव्या, फाटक्या चपला, पाइपाचे तुकडे घालण्याची सवय बहुतेक घरांत आहे. पॉलिथिन मेणासारखेच पेटते, म्हणून ते सोयीचे वाटते. पण त्याचा काळा धूर छातीत जातो. पीव्हीसी जळले तर त्यातल्या क्लोरीनमुळे धुरात हायड्रोजन क्लोराइडचा वायू येतो. तो पाण्याशी मिळाला की तेच हायड्रोक्लोरिक आम्ल, जे ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला आपण हातमोजे घालून वापरतो. शिवाय डायॉक्सिन नावाची घातक द्रव्येही त्या धुरात तयार होतात. नळीत घालताना ज्याला भितो, ते पोराबाळांच्या श्वासात घालू नका.

घरच्या घरी परीक्षा

नळीचा बोटभर तुकडा कापून पाण्याच्या बादलीत बुडवा. चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाका. पॉलिथिन पाण्याहून हलके आहे, त्यामुळे ते तरंगलेच पाहिजे. पीव्हीसी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असते, ते बुडते. पॉलिथिन म्हणून दिलेली नळी बुडाली, तर तिच्यात खडूच्या भुकटीसारखी भर आहे किंवा दुसराच माल आहे असे समजावे. तुकडा तरंगला म्हणजे माल नवाच आहे, असे मात्र सिद्ध होत नाही. पुन्हा वितळवलेला मालही तरंगतो. दर वेळी वितळवताना साखळ्या थोड्याफार तुटतात, म्हणून असा माल लवकर थकतो. यासाठी परीक्षेबरोबर शिक्का आणि पावतीही हवी.

थोडक्यात, एवढे पाळावे:

१. लॅटरल घेताना त्यावर आय. एस. १२७८६, एचडीपीई पाइपावर आय. एस. ४९८४ आणि पीव्हीसी पाइपावर आय. एस. ४९८५ हे क्रमांक पाहावेत. पक्की पावती घ्यावी.

२. पीव्हीसी पाइप शक्यतो जमिनीत गाडावा. उघडा राहणारा भाग पांढऱ्या रंगाने झाकावा.

३. पीक निघाल्यावर नळ्या धुऊन, गुंडाळून सावलीत ठेवाव्यात.

४. मल्चिंग पेपर पिकानंतर लगेच, उन्हाने ठिसूळ होण्याआधी उचलावा. नांगरटीआधी बांध ते बांध एक फेरी मारावी.

५. भंगारात देताना पीव्हीसी आणि पॉलिथिन वेगळे ठेवावे. दोघांच्या साखळ्या तेल-पाण्यासारख्या मिसळत नाहीत, आणि एकत्र वितळवले तर दोन्ही माल वाया जातात. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. हे वेगळे करण्याचे काम मुलांना द्यावे. त्यांचा अभ्यासही होईल.

६. प्लास्टिक जाळू नये, गोठ्याजवळ टाकू नये, उकिरड्यात पुरू नये.

प्लास्टिकने आपले पाणी वाचवले, पाठीवरचे ओझे हलके केले, हे कोण नाकारील? त्याला शिव्या देऊन उपयोग नाही आणि त्याच्या भरवशावर डोळे मिटूनही चालणार नाही. साखळी वापरात आहे तोवर तिला उन्हापासून जपा. वापर संपला की ती मातीत राहू देऊ नका. यंदा पीक निघाले की सांजच्याला घरातल्या मुलांना घेऊन शेतात जा, नळ्या गुंडाळा, कागद वेचा, आणि वेचता वेचता त्यांना फुगडीची गोष्ट सांगा.